मासळी शिजवताना आधी मिठाकडे पाहा

वर्षावासातील ग्रंथवाचन संपले की विहारात थोडा वेळ आरोग्याच्या गोष्टी निघतात. यंदा त्यात एकच प्रश्न फिरून फिरून आला. "डॉक्टरांनी बीपी सांगितला आणि सुकी मासळी बंद करायला सांगितली. पावसाळ्यात आमच्या घरी सुकट-बोंबलाशिवाय दुसरे असते काय? मग भाकरी कशाशी खायची?"

प्रश्न खरा आहे. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके रायगड जिल्ह्यात असले तरी आपल्या दारात समुद्र नाही. ताजी पापलेट-सुरमई आपल्या खिशाला रोज परवडत नाही. मजुरी करणाऱ्या आपल्या आई-आजींनी पिढ्यान्‌पिढ्या मुले वाढवली ती मूठभर सुकट, वांगे आणि तांदळाच्या भाकरीवर. ते अन्न हलके नव्हते आणि आजही नाही. चांगली प्रथिने आणि हाडांना लागणारे कॅल्शियम त्यात भरपूर असते. म्हणून "सुकी मासळी वाईट" असे म्हणून मोकळे होणे आम्हाला बरोबर वाटत नाही. मात्र तिच्याबरोबर पोटात जाणाऱ्या मिठाकडे दुर्लक्ष करणेही बरोबर नाही. डॉक्टरांनी पूर्ण मनाई केली असेल, विशेषतः मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, तर ती मनाई पाळायचीच. इतरांनी कोणती मासळी, कोणत्या भांड्यात, कोणते आंबट घालून आणि किती मिठात शिजवावी, याचा हा पाठ आहे.

आपल्याकडे मासळी येते कुठून?

तीन वाटांनी येते. पहिली वाट समुद्राची. किनाऱ्यावरची मासळी बर्फात घालून टेम्पोने, रेल्वेने आणि टोपल्यांतून कर्जत, नेरळ, खोपोली, चौकच्या बाजारात पोचते. दुसरी वाट सुक्या मासळीची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून मे महिन्यातच आगोटीच्या सामानात सुकट, बोंबील, सोडे भरून ठेवायची आपली पद्धत. तिसरी वाट नदी, ओढे आणि शेताची. उल्हास, पेज, पाताळगंगा या आपल्या नद्या. खोपोली आणि भिवपुरीच्या वीजकेंद्रांतून सुटणाऱ्या पाण्यामुळे पाताळगंगा आणि पेज उन्हाळ्यातही वाहत्या असतात. त्यांत मळे, शिवडे, मरळ, वाम, शिंगटी मिळतात. तलावात सोडलेले रोहू, कटला, मृगळही आता बाजारात येतात.

तिन्ही वाटांची काळजी वेगळी आहे. समुद्राच्या मासळीत पाहायचा तो ताजेपणा, सुक्या मासळीत मीठ आणि रेती, तर नदीच्या मासळीत पाणी.

भांडी कोणती असावीत?

मासळीसाठी घरात महागडे काही लागत नाही. पाच वस्तू पुरेत.

१. विळी किंवा धारदार सुरी. मासळीसाठी ती वेगळी असावी. वेगळी नसेल तर मासे कापून झाल्यावर विळी, पाट आणि हात साबणाने धुऊनच काकडी-कांदा चिरावा. कच्च्या मासळीचे पाणी कोशिंबिरीत गेले तर जुलाब-उलट्या होऊ शकतात.

२. बिडाचा किंवा लोखंडी जाड तवा. तव्यावर मासा थोड्या तेलात भाजला जातो, कढईभर तेलात तळावा लागत नाही. लोखंडाच्या भांड्यात शिजवलेल्या अन्नात थोडे लोह उतरते आणि आपल्याला त्याची गरज आहे. तवा धुतल्यावर पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवला की गंजत नाही.

३. कालवणासाठी पसरट स्टीलचा टोप किंवा मातीचे भांडे. कोकम, चिंच, कैरी घातलेले कालवण ॲल्युमिनियमच्या टोपात करू नये आणि ठेवू तर नयेच, कारण आंबटामुळे धातू अन्नात उतरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनातही आंबट पदार्थ ॲल्युमिनियम, लोखंड, कल्हई नसलेले पितळ आणि तांबे यांच्या भांड्यांत साठवू नयेत असे सांगितले आहे. लोखंडी कढईत कालवण केले तर चालते, पण शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावे.

४. पाटा-वरवंटा, खलबत्ता किंवा मिक्सर. ताजे वाटण असले की चवीसाठी मीठ कमी लागते.

५. एक चहाचा चमचा. मीठ हाताच्या अंदाजाने पडू नये, मोजून पडावे, एवढ्यासाठी तो मिठाच्या बरणीतच ठेवावा.

मीठ किती?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. यात भाजी, डाळ, भाकरी, लोणचे, पापड, फरसाण सगळे आले.

घरच्या घरी हिशोब करा. पाच मोठी माणसे असतील तर दिवसाला २५ ग्रॅम मीठ. १ किलोची पिशवी ४० दिवस पुरली पाहिजे. घरात लहान मुले असतील तर त्याहून जास्त दिवस. लोणचे, पापड आणि खारी मासळी यांचे मीठ या पिशवीत मोजलेलेच नाही, म्हणून प्रत्यक्षात पिशवी याहूनही लांबली पाहिजे. तुमच्या घरात ती किती दिवस पुरते? पिशवी फोडली त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख लिहा आणि पाहा. बऱ्याच घरांत ती वीस-पंचवीस दिवसांत संपते, असे बोलता बोलता लक्षात येते.

अर्धा किलो ओल्या मासळीच्या कालवणाला चहाचा एक सपाट चमचा मीठ पुरते. मासे मीठ-हळद लावून मुरत ठेवायचे असतील तर ते मीठ याच चमच्यातून घ्यावे. वरून दुसरे घालू नये.

आता जे मीठ दिसत नाही त्याबद्दल. आमसूल करताना कोकमाला मीठ लावलेले असते. कोकमाच्या आगळात तर भरपूर मीठ असते. वर्षाची चिंच आपण मीठ लावूनच भरतो. बाजारच्या 'फिश फ्राय' मसाल्याच्या पुड्यांतही बहुधा मीठ असते. पुडीवर घटक छापलेले असतात, ते वाचावेत. म्हणून नियम एकच: आंबट आणि मसाला आधी, चव घेऊन मग मीठ.

कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात पोटॅशियम असते आणि ते अशांना घातक ठरू शकते.

आंबट आणि मसाला

मीठ कमी केले की जेवण अळणी लागते, ही सगळ्यांची तक्रार. त्यावर उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे. आंबट, लसूण, आले, हिरवी मिरची आणि कोथिंबीर वाढवा. जिभेला चव मिळाली की मिठाची आठवण कमी होते. पहिले पंधरा दिवस जड जातात, मग तेच मीठ पुरेसे वाटू लागते.

आंबटाचे दुसरेही काम आहे. माशाचा उग्र वास ज्या द्रव्यामुळे येतो ते आंबटाने बांधले जाते. नदी-तलावातल्या माशाला चिखलाचा वास येतो, तोही आंबटाने मोडतो. म्हणून रोहू-कटल्याचे तुकडे लिंबाच्या रसात किंवा चिंचेच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवून मग धुवावेत. मासळीच्या वासावरून आजही काही ठिकाणी आपल्या माणसांना भाड्याने घर नाकारतात. आपले अन्न लाजण्यासारखे नाही. वास काढायचा तो चवीसाठी.

उन्हाळ्यात कैरी, पावसाळ्यात आंबोशी किंवा चिंच, एरवी आमसूल, असे ऋतूप्रमाणे आंबट बदलावे. अर्धा किलो मासळीला पाच-सहा आमसुले पुरतात आणि ती शेवटी घालावीत. बीपी असलेल्यांनी ती आधी पाण्यातून एकदा काढावीत.

वर्षाचा घरचा मसाला चांगलाच, पण नदीच्या ताज्या छोट्या माशांना लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि थोडे ओले खोबरे यांचे हिरवे वाटण जास्त शोभते. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी तिखट निम्मे करून धण्याची पूड वाढवावी.

सुक्या मासळीत दोन जाती

इथेच बहुतेकांची गल्लत होते. सगळी सुकी मासळी सारखी खारट नसते.

जवळा म्हणजे सुकट, करंदी, बोंबील, वाकटी ही सहसा मीठ न लावता उन्हात वाळवतात. बोंबील वलांडीवर टांगून सुकवतात, जवळा जमिनीवर पसरून. त्यात समुद्राच्या पाण्याचे थोडे मीठ असते, पण मुख्य त्रास रेतीचा. खारा बांगडा, खारी सुरमई, खारवलेले मोठ्या माशांचे तुकडे ही दुसरी जात. ती मिठात मुरवूनच टिकवतात.

बीपी असलेल्याने दुसरी जात जवळजवळ सोडावी. पहिली जात नीट धुऊन, वरून मीठ न घालता, आठवड्यातून एक-दोनदा थोडी खाण्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावे. "सुकी मासळी खाऊ का?" असे विचारण्याऐवजी "मीठ न लावलेली सुकट धुऊन खाऊ का?" असे विचारले तर उत्तर नेमके मिळते.

सुकट करण्याची रीत अशी:

१. सुकट निवडून चाळणीने चाळा. खडे, शिंपल्यांचे तुकडे काढा.

२. तवा मंद आचेवर ठेवून तेल न घालता कुरकुरीत होईपर्यंत भाजा.

३. मोठ्या भांड्यात भरपूर पाण्यात टाका, हाताने ढवळा आणि वरची सुकट उचलून घ्या. तळाला रेती बसलेली दिसेल. पाणी बदलून असे तीनदा करा.

४. दोन चमचे तेलात ठेचलेला लसूण, दोन कांदे, हिरवी मिरची आणि हळद परता. वांगे किंवा कैरीच्या फोडी घालून झाकण ठेवा.

५. पिळलेली सुकट घालून पाच-सात मिनिटे शिजवा. कोथिंबीर घाला. आता चव घ्या. मीठ लागले तरच चिमूटभर घाला.

बोंबलाचे डोके, शेपूट, पर काढून तुकडे कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवावेत, ते पाणी टाकून द्यावे आणि बटाटा, वांगे किंवा वालाच्या बिरड्याबरोबर शिजवावेत. सोड्यांना शेवग्याच्या शेंगा चांगल्या. भाजी जास्त आणि मासळी कमी, हे प्रमाण आजींनी गरिबीमुळे धरले होते. आज ते आरोग्यासाठी धरावे. खारा बांगडा करायचाच असेल तर तासभर भिजवून दोन-तीनदा पाणी बदलावे आणि त्या जेवणात लोणचे-पापड ठेवू नये.

सुकी मासळी हवाबंद डब्यात ठेवावी आणि उघडीप मिळाली की ऊन द्यावे. बुरशी आलेली, ओलसर चिकट झालेली किंवा खारवलेल्या माशावर गुलाबी-लाल थर आलेला असेल तर धुऊन खाण्याचा मोह करू नये, टाकून द्यावी. किडीसाठी डब्यात डांबरगोळ्या मुळीच ठेवू नयेत. युरिक ॲसिड वाढून सांधे दुखणाऱ्यांनी सुकट-जवळा बेताने खावा.

ओली मासळी

डोळे फुगीर व चमकदार, कल्ले लाल, अंग दाबले तर खळगा भरून येणारे, पोट घट्ट, अशी मासळी घ्यावी. कोळंबीचे डोके काळे पडलेले नसावे. बांगडा, तारली, कुपा यांच्याबद्दल जास्त सावध राहावे. हे मासे बर्फाविना उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होणे, अंगाला खाज, डोकेदुखी, उलटी होते. म्हणून बर्फावर नसलेला बांगडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. बाजारातून मासळी सर्वात शेवटी घ्यावी आणि घरी आल्यावर लगेच साफ करावी.

तव्यावर भाजताना तुकडे फडक्याने कोरडे करा. हळद, मसाला, लसूण-आले आणि लिंबू लावा. तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून घोळवा. तवा चांगला तापू द्या, पाण्याचा थेंब टाकला तर नाचला पाहिजे. मग चार तुकड्यांना दोन चमचे तेल सोडा. तुकडा ठेवल्यावर तीन-चार मिनिटे हलवू नका. खालची बाजू झाली की तो आपणहून सुटतो. घाई केली की चिकटतो आणि मग आपण आणखी तेल ओततो. तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरू नये.

कालवणात आधी वाटण परतून पाणी उकळवा, मग मासे सोडा. जाड तुकड्यांना आठ-दहा मिनिटे, ओल्या बोंबलाला तीन-चार मिनिटे पुरतात. पळीने ढवळू नका, टोप दोन्ही हातांनी धरून हलवा.

नदी-शेतातले खेकडे मात्र पूर्ण शिजवावेत. मुले बांधावर विस्तव करून अर्धवट भाजून खातात, ते थांबवावे. कच्च्या खेकड्यातून एक प्रकारचे कृमी फुप्फुसात जातात आणि क्षयासारखा खोकला, थुंकीतून रक्त असा त्रास होतो. ईशान्य भारतात हा आजार बराच आढळला आहे.

ताटात कोणाला?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रिया त्यात आहेत. मासळीमुळे भाकरी-डाळीतले लोहही शरीराला जास्त मिळते. लिंबू पिळले तर त्यात भर पडते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी होते, म्हणून चहा तासाभराने घ्यावा.

पण घरात मासळी शिजते तेव्हा तुकडे कोणाच्या ताटात जातात? पुरुष जेवतात, मुले जेवतात, आणि जिने विळीवर बसून मासे साफ केले तिच्या वाट्याला डोके आणि रस्सा येतो. समता आपण विहारात शिकतो, ती जेवायला बसतानाही दिसली पाहिजे. तुकडे माणसे मोजून करावेत आणि सर्वांनी एकत्र जेवावे. मासे साफ करणे, सुकट निवडणे ही कामे मुलग्यांनीही शिकावीत.

गरोदर स्त्रीने ताजे छोटे मासे नीट शिजवून जरूर खावेत. मुशीसारखे मोठे, इतर माशांवर जगणारे मासे टाळावेत, त्यांच्यात पारा साठलेला असतो. सहा महिन्यांनंतरच्या बाळाला वरच्या अन्नात काटा पूर्ण काढलेला मासा भातात कुस्करून, बिनमसाल्याचा देता येतो. कोळंबी-जवळ्याने काहींना अंगावर गांधी उठतात, म्हणून पहिल्यांदा अगदी थोडे देऊन पाहावे.

आणखी एक. आषाढात 'गटारी'च्या नावाखाली मासळीला दारूची जोड दिली जाते. पाचवे शील घेतलेल्या घरात ही जोड नको. बीपीच्या माणसाला तर दारू आणि खारट चखणा दोन्ही मिळून मारतात.

मासा जसा, तसे पाणी

पहिल्या पावसात मासे चढणीला लागतात. वलगणीचे हे मासे अंडी घालायला निघालेले असतात. पोती भरून ते मारले तर पुढच्या वर्षी ओढ्यात काय उरेल? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. घरापुरते घेणे आणि पोती भरणे यांतला फरकही तोच आहे. पौर्णिमेला किंवा वर्षावासभर मासळी न खाणारे आपल्यात आहेत, त्यांचा आदर ठेवूनच आम्ही हे लिहितो.

काही जण ओढ्यात कीटकनाशक किंवा ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारतात. असे मासे खाऊ नयेत, विकत घेऊ नयेत. तेच पाणी खालच्या वाडीतली माणसे आणि गुरे पितात. कारखान्यांचे सांडपाणी जिथे नदीला मिळते त्याच्या खालच्या बाजूचे मासेही घेऊ नयेत. एका सकाळी नदीत मेलेले मासे तरंगताना दिसले तर ते फुकटची मासळी म्हणून उचलू नका. फोटो काढा, ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा.

आपल्याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याची ओंजळ घेतली. पाणी सर्वांचे आहे हे त्या दिवशी सांगितले गेले. पाणी सर्वांचे असेल तर ते स्वच्छ ठेवा असे म्हणण्याचा हक्कही सर्वांचा आहे.

तर या महिन्याचा गृहपाठ सोपा आहे. मिठाच्या पिशवीवर तारीख लिहा. सुकट तीन पाण्यांतून काढा. आंबट आधी, मीठ शेवटी. बीपी मोजला नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन मोजून घ्या. आणि पुढच्या पौर्णिमेला विहारात आलात की पिशवी किती दिवस पुरली ते एकमेकांना सांगा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!